गुंगीच्या इंजेक्शनचा तुटवडा: लहान शस्त्रक्रिया केंद्रे तो कसा निभावतात?

सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात यायचे, दुपारपर्यंत शस्त्रक्रिया उरकायची आणि संध्याकाळी घरी जायचे, याला डे-केअर शस्त्रक्रिया म्हणतात. हर्निया, हायड्रोसील, मोतीबिंदू, कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया, गर्भपिशवी साफ करणे, गळू फोडणे, सरकलेले हाड बसवणे अशी कितीतरी कामे आता या पद्धतीने होतात. रुग्ण रात्री मुक्कामाला राहत नाही, म्हणून खर्च कमी येतो आणि खाट दुसऱ्याला मिळते. पण ही सगळी व्यवस्था एका लहानशा काचेच्या कुपीवर उभी असते. ती कुपी गुंगीच्या औषधाची. ती मिळेनाशी झाली की शल्यचिकित्सक हजर, रुग्ण उपाशी, टेबल तयार, आणि तरी शस्त्रक्रिया होत नाही.

मोठ्या शहरात अशा वेळी शेजारच्या रुग्णालयातून दोन कुप्या उसन्या आणता येतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूरसारख्या गावी हे सोपे नाही. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या डोंगराळ आदिवासी पट्ट्याचे हे बाजाराचे गाव. तिथून अकोले वीस-बावीस किलोमीटर, त्यापुढे तेवढ्याच अंतरावर संगमनेर, आणि जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब. या लेखात राजूरचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल. तिथे असे काही घडले आहे म्हणून तो येत नाही. अशा अंतरावरच्या गावात औषधाचा तुटवडा कसा वेगळा पडतो, हे तिथून नीट दिसते एवढेच.

गुंगी आणि भूल यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्हीला ‘भूल’च म्हणतो. वैद्यकात मात्र फरक आहे. स्थानिक भुलीत शरीराचा तेवढाच भाग बधिर होतो, माणूस जागा असतो. पाठीच्या कण्याजवळ दिलेल्या भुलीत कमरेखालचा भाग बधिर होतो. पूर्ण भुलीत माणूस बेशुद्ध असतो आणि त्याच्या श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञाकडे असते. गुंगी या सर्वांच्या मधली. रुग्ण शांत, अर्धवट झोपेत असतो, हाक मारली तर डोळे उघडतो, स्वतः श्वास घेतो आणि बहुधा नंतर त्याला फारसे आठवत नाही.

अडचण अशी की गुंगी आणि बेशुद्धी यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. थोडे औषध जास्त झाले, वय जास्त असले, वजन कमी असले, तर रुग्ण त्या उतारावरून नकळत खाली सरकतो आणि श्वास मंदावतो. म्हणून गुंगी देताना ऑक्सिजन, बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर, तोंडावर धरून हवा देण्याची अंबू बॅग आणि ती वापरता येणारा माणूस एवढे जवळ असावेच लागते.

मिडॅझोलाम हे यातले सर्वांत वापरातले औषध. दोन-तीन मिनिटांत लागू पडते आणि काही तासांत शरीरातून बरेचसे निघून जाते. डायझेपाम त्याचाच जुना भाऊबंद, पण तो शरीरात एक-दोन दिवस रेंगाळतो. प्रोपोफोल दुधासारखे पांढरे दिसते, क्षणात झोप आणते आणि तितक्याच लवकर उतरते, म्हणून डे-केअरला ते फार सोयीचे. मात्र त्याने श्वास आणि रक्तदाब दोन्ही खाली येतात, त्यामुळे ते भूलतज्ज्ञाच्याच हाती शोभते. पेंटाझोसिन आणि प्रोमेथाझिन ही जोडी ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वापरली गेली आहे. पहिले वेदना कमी करते, दुसरे पेंग आणते.

आणि केटामाइन. १९६२ मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस या कंपनीसाठी काम करताना कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले, १९७० मध्ये त्याला तिथे माणसांवरील वापराची मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. त्याचा मोठा गुण म्हणजे इतर औषधांच्या तुलनेत श्वास सहसा टिकून राहतो, रक्तदाब पडत नाही आणि ते वेदनाही मारते. शिरेत दिले तर मिनिटभरात, शीर सापडत नसेल तर स्नायूत देऊनही काम भागते. वीज गेली, यंत्र बंद पडले, तरी हातातली शस्त्रक्रिया पूर्ण करता येते. तोंडाला लाळ सुटते आणि शुद्धीवर येताना काही रुग्णांना भास होतात, हे त्याचे दोष. तरीही भूलयंत्र नसलेल्या लहान रुग्णालयाला केटामाइनइतके उपयोगी दुसरे औषध क्वचितच असेल.

तुटवडा येतो कुठून?

कारखान्यातून, कायद्यातून आणि खरेदीच्या फायलीतून. तिन्ही वाटांची उदाहरणे आहेत.

इंजेक्शन बनवणे गोळी बनवण्यापेक्षा अवघड असते, कारण ते पूर्ण निर्जंतुक असावे लागते. म्हणून बनवणाऱ्या कंपन्या थोड्या आणि त्यातली एक थांबली की बाजार हलतो. २००९ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या उत्पादकांनी दोषामुळे प्रोपोफोलचा माल परत मागवला आणि पुढच्या वर्षी त्यातल्या एकाने ते बनवणेच सोडले. तिथल्या सरकारला जर्मनीहून तेच औषध आणण्याची खास परवानगी द्यावी लागली. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत तर जगभर प्रोपोफोल, मिडॅझोलाम आणि फेंटानिल एकदम कमी पडले, कारण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दिवसेंदिवस गुंगीत ठेवावे लागते. एरवी एका छोट्या शस्त्रक्रियेला दोन-तीन मिलिग्रॅम मिडॅझोलाम पुरते, तर असा एक रुग्ण काही तासांतच त्याच्या कितीतरी पट संपवतो. अमेरिकेत तेव्हा काही डॉक्टरांनी देहदंडासाठी राखून ठेवलेला मिडॅझोलामचा साठा रुग्णालयांना द्या, अशी मागणी राज्यांकडे केली होती. टंचाई कोणत्या थराला गेली होती हे त्यावरून कळावे.

स्वस्त औषधांना आणखी एक धोका असतो. भारतात केटामाइन, मिडॅझोलाम, प्रोपोफोल ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत आणि त्यामुळे त्यांच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा आहे. रुग्णाच्या दृष्टीने हे चांगलेच. पण कच्चा माल महागला आणि मर्यादा तिथेच राहिली, तर कंपनीला त्या औषधात रस उरत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्या याच भीतीपोटी. त्यात शस्त्रक्रियेआधी द्यायचे अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शनही होते.

केटामाइन कुलपात गेले तेव्हा

कायद्याची वाट भारतापुरती अधिक बोलकी आहे. केटामाइनचा नशेसाठी वापर होतो आणि भारतातून त्याची तस्करीही होत असे. त्यामुळे २०११ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले आणि २०१३ च्या अखेरीस औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’ या सर्वांत कडक यादीत गेले. तोवर ते साध्या डॉक्टरी चिठ्ठीवर मिळे. शेड्यूल एक्सचा अर्थ असा की ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना हवा, चिठ्ठी दोन प्रतींत हवी, त्यातली एक दुकानाने दोन वर्षे जपून ठेवायची, माल कुलूपबंद कपाटात आणि प्रत्येक कुपीची नोंद वहीत. मिडॅझोलाम, डायझेपाम, पेंटाझोसिन यांच्यासाठी मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. त्यात अट सौम्य आहे: विक्रीची वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती तीन वर्षे सांभाळायची.

या नियमांमागचा हेतू योग्यच आहे. परंतु परिणाम सगळीकडे सारखा होत नाही. शहरातल्या मोठ्या औषध दुकानाला वेगळा परवाना परवडतो. तालुक्याच्या दुकानदाराला महिन्याला पाच-दहा कुप्यांसाठी परवाना, कपाट, तपासणी हा उपद्व्याप नको वाटतो आणि तो औषध ठेवणेच बंद करतो. कायद्याने बंदी घातलेली नसते, औषधही देशात भरपूर असते, फक्त जिथे पर्याय सर्वांत कमी तिथे ते सापडत नाही. पशुवैद्यकांनाही केटामाइन लागते. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध असलेल्या राजूरच्या परिसरात माणसांचा आणि जनावरांचा डॉक्टर एकाच औषधाच्या शोधात असू शकतो, ही गोष्ट दिल्लीत नियम लिहिताना कुणाच्या डोळ्यासमोर असण्याची शक्यता कमीच.

चीनने २०१५ मध्ये केटामाइनवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणावे असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांकडे दिला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याला विरोध केला. गरीब देशांतल्या ग्रामीण शस्त्रक्रिया अडतील हे त्यांचे कारण होते. भारतातला अनुभव त्या भीतीला पुष्टी देणाराच आहे.

फायलींची वाट

महाराष्ट्रात २०१७ पासून सरकारी रुग्णालयांची औषध खरेदी हाफकिन महामंडळामार्फत एकत्रित होऊ लागली. घाऊक खरेदीने दर कमी पडतात, पण निविदा लांबली तर सगळ्या राज्याचे औषध एकाच वेळी लांबते. तक्रारी वाढत गेल्या आणि २०२३ मध्ये या कामासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्याचा कायदा झाला. मधल्या काळासाठी रुग्णालयांना काही प्रमाणात स्थानिक खरेदीची मुभा असते. तिचा फायदा औषध स्थानिक बाजारात मिळत असेल तरच होतो, आणि शेड्यूल एक्सच्या औषधाबाबत नेमके तेच होत नाही.

म्हणून तुटवड्याची चाहूल आधी लागणे महत्त्वाचे. साठा कुप्यांत मोजण्यापेक्षा दिवसांत मोजणे शहाणपणाचे. ‘चाळीस कुप्या शिल्लक’ याला फारसा अर्थ नाही. ‘सध्याच्या वेगाने सोळा दिवस पुरेल आणि नवा माल यायला पाच आठवडे लागतात’ याला आहे. राज्याच्या सरकारी रुग्णालयांत ई-औषधी या संगणक प्रणालीवर साठ्याची नोंद होते, त्यामुळे औषध निर्माण अधिकाऱ्याला हे गणित रोज करता येते आणि शेजारच्या कोणत्या रुग्णालयात जास्त माल पडून आहे हेही शोधता येते. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया ठरलेल्या दिवशी होत असल्याने त्यांची गरज आधीच कळते. डोंगराळ भागात एक जास्तीचे गणितही करावे लागते: जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटात रस्ता बंद पडू शकतो, म्हणून पावसाळ्याआधीचा साठा थोडा जास्त हवा.

शेवटच्या कुप्या कुणासाठी?

साठा कमी झाल्यावर ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम न्याय्य वाटतो, पण तो चुकीचा आहे. सोमवारी सकाळी आलेल्या हर्नियाच्या रुग्णाला शेवटची मिडॅझोलामची कुपी दिली आणि मंगळवारी रात्री सतत फिट येणारे मूल आले, तर त्या मुलाला द्यायला काही उरत नाही. मिडॅझोलाम हे झटके थांबवण्याचेही औषध आहे. केटामाइन अपघातात रक्तस्राव झालेल्या माणसासाठी आणि तातडीच्या प्रसूती शस्त्रक्रियेसाठी जीव वाचवणारे ठरते.

म्हणून पहिले काम म्हणजे काही कुप्या बाजूला काढून त्यांवर ‘फक्त तातडीसाठी’ असे लिहून ठेवणे, आणि उरलेल्या साठ्यावरच यादी आखणे. किती कुप्या राखायच्या हे रुग्णालयाने आधी, शांत डोक्याने ठरवून कागदावर आणलेले असावे. रुग्ण समोर तळमळत असताना हा निर्णय घेणाऱ्या एकट्या डॉक्टरवर तो सोडणे अन्यायाचे आहे. त्यानंतर यादीची चाळणी होते. न थांबता येणारी शस्त्रक्रिया, थांबता येईल पण त्रास वाढेल अशी, आणि दोन महिन्यांनी केली तरी चालेल अशी. पुढे ढकललेल्या रुग्णाला नवी तारीख हातात देऊनच घरी पाठवावे लागते. रोजंदारी बुडवून, सोबतीला माणूस घेऊन आलेल्याला ‘नंतर बघू’ सांगितले तर तो परत येईलच असे नाही.

गुंगीवाचून भागते का?

बऱ्याचदा भागते. आणि इथेच तुटवड्याच्या काळात सर्वांत जास्त औषध वाचते. शेजारून दोन कुप्या उसन्या आणण्यापेक्षा वीस रुग्णांना गुंगीची गरजच नव्हती हे लक्षात येणे अधिक मोलाचे.

ग्रामीण शल्यचिकित्सकांना हे नवीन नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या कापडाचा वापर केला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे उदाहरण जाळीचे आहे, भुलीचे नाही, पण विचार तोच: नेमके काय आवश्यक आहे आणि काय केवळ सवयीचे आहे, हे वेगळे करणे. मांडीच्या सांध्यातल्या हर्नियाची शस्त्रक्रिया स्थानिक भुलीत नीट होते. हायड्रोसीलही होते. मोतीबिंदू तर आज बहुतेक ठिकाणी डोळ्यातल्या थेंबांवर किंवा डोळ्याभोवतीच्या इंजेक्शनवर होतो. पुरुष नसबंदीला दोन-चार मिलिलिटर स्थानिक भूल पुरते. स्त्रियांच्या कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेसाठीही केंद्र सरकारच्या मानकांत स्थानिक भुलीलाच पसंती आहे, सोबत हलके गुंगीचे किंवा वेदनाशामक औषध. (दोघांपैकी नवऱ्याची शस्त्रक्रिया किती सोपी आणि कमी औषधाची, हा मुद्दा तुटवडा नसतानाही खराच आहे. तरी नाव बायकोचेच लागते.)

स्थानिक भुलीलाही मर्यादा आहेत आणि त्या विसरल्या की नवेच संकट उभे राहते. लिग्नोकेनची कमाल मात्रा, त्यात अ‍ॅड्रेनालिन नसेल तर, वजनाच्या किलोमागे साधारण ३ ते ४.५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या माणसाला म्हणजे १५० ते २२५ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या बाटलीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतात, म्हणजे सात ते अकरा मिलिलिटरमध्येच मर्यादा संपली. ग्रामीण भागात चाळीस किलोच्या स्त्रिया काही कमी नाहीत. त्यांची मर्यादा त्याहून आधी येते. औषध पातळ करून एक किंवा अर्धा टक्का केले तर तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये जास्त जागा बधिर होते. मात्रा ओलांडली तर रुग्णाला झटके येतात, आणि ते थांबवायला लागते तेच मिडॅझोलाम, जे वाचवण्यासाठी हा खटाटोप चालला होता.

पाठीतली भूल हा दुसरा मार्ग. त्यासाठी प्रशिक्षित हात हवा, आणि डे-केअरमध्ये तिची एक गैरसोय आहे: पाय पूर्ववत व्हायला आणि लघवी व्हायला वेळ लागतो, त्यामुळे संध्याकाळी घरी जाणे कधी लांबते. सकाळच्या यादीत आधी हेच रुग्ण घेतले तर हा प्रश्न बराच सुटतो.

गुंगीशिवाय भागत नाही ते मुख्यतः लहान मुलांचे. चार वर्षांच्या मुलाला ‘हलू नकोस’ सांगून टाके घालता येत नाहीत आणि दाबून धरून घालणे हा पर्याय मानू नये. फार घाबरलेला रुग्ण, मतिमंद रुग्ण, हाड बसवण्यासारखे अतिशय वेदनेचे काम, यांच्यासाठीच उरलेल्या कुप्या राखायच्या. इतर मोठ्यांसाठी एक साधन कायम उपलब्ध असते: डोक्याशी बसून बोलत राहणारी परिचारिका. तिला ठाकरी किंवा महादेव कोळी समाजाची बोली येत असेल तर अधिकच चांगले. ऐकायला हे साधे वाटते, पण जागा असलेला रुग्ण कशाने घाबरतो हे ज्याने पाहिले आहे त्याला याची किंमत कळते.

बदली औषधाचा धोका

एक औषध संपले की दुसरे वापरायचे, हा सर्वांत स्वाभाविक मार्ग आहे आणि सर्वांत घातकही. त्याचे उदाहरण इतिहासात आहे. मिडॅझोलाम अमेरिकेत १९८५ च्या अखेरीस मंजूर झाले. डॉक्टरांना सवय डायझेपामची. दोन्ही एकाच कुळातली, म्हणून अनेकांनी डायझेपामच्या अंदाजाने मिडॅझोलाम दिले. पण ते त्याच्यापेक्षा दोन-तीनपट तीव्र होते. श्वास थांबून अनेक रुग्ण दगावले आणि काही वर्षांतच औषधावर ठळक चौकटीत इशारा छापावा लागला. पाच मिलिग्रॅमच्या कडक कुपीसोबत एक मिलिग्रॅमची सौम्य कुपीही बाजारात आणावी लागली.

हे दोन्ही प्रकार आज भारतात मिळतात, आणि तुटवड्यात नेमके हेच होते. नेहमीची एक मिलिग्रॅमची कुपी न मिळाल्याने पाच मिलिग्रॅमची येते. हाताला सवय ‘दोन मिलिलिटर भरायचे’ अशी. पूर्वी त्यात दोन मिलिग्रॅम असत, आता दहा असतात. म्हणून मात्रा मिलिलिटरमध्ये न सांगता नेहमी मिलिग्रॅममध्ये सांगणे, नवी कुपी वेगळ्या खणात ठेवणे, भरलेल्या सिरिंजवर औषधाचे नाव आणि प्रमाण लिहिणे आणि टोचण्याआधी दुसऱ्या माणसाने ते मोठ्याने वाचणे, एवढ्या साध्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो.

उलट दिशेचा बदलही अडचणीचा. मिडॅझोलामऐवजी डायझेपाम दिले तर रुग्ण टेबलावर ठीक असतो, पण संध्याकाळी, रात्री, दुसऱ्या दिवशीही पेंगत राहतो. प्रोमेथाझिनचेही तसेच. शिवाय त्याला उतारा नाही आणि शिरेबाहेर गेले तर हाताची कातडी, कधी बोटेही, सडू शकतात. मिडॅझोलाम-डायझेपामला फ्लुमाझेनिल आणि पेंटाझोसिन, फेंटानिलसारख्यांना नॅलोक्सोन हे उतारे आहेत. बदली औषध वापरण्याआधी त्याचा उतारा कपाटात आहे का, हे पाहावे. केटामाइन आणि प्रोपोफोलला असा उतारा नाहीच. तिथे श्वास सांभाळणारा माणूस हाच उतारा.

एक कुपी, अनेक रुग्ण

औषध कमी असताना अर्धी उरलेली कुपी टाकून देणे जिवावर येते. याच मोहाने एक मोठी दुर्घटना घडली. अमेरिकेत लास वेगासमधील एका एंडोस्कोपी केंद्रात एकाच रुग्णासाठी असलेल्या प्रोपोफोलच्या कुप्या अनेकांसाठी वापरल्या जात होत्या. सुई बदलली जाई, पण वापरलेली सिरिंज पुन्हा त्याच कुपीत जाई आणि कुपीतच जंतू उतरत. २००८ मध्ये हिपॅटायटिस सी चा प्रसार उघडकीस आला आणि पन्नास हजारांहून अधिक जुन्या रुग्णांना रक्त तपासून घ्या असे कळवावे लागले. त्यावरून झालेल्या खटल्यांत औषध कंपन्यांवरही प्रचंड भरपाईचा बोजा पडला, आणि २०१० मध्ये ज्या कंपनीने प्रोपोफोल बनवणे सोडले असे वर म्हटले, ती यांपैकीच एक. म्हणजे कुपी वाचवण्याच्या प्रकाराने शेवटी देशभराचा तुटवडा वाढवला.

प्रोपोफोलबाबत काळजी दुप्पट, कारण ते सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनचे मिश्रण आहे. जंतूंना ते खाद्यच. उघडलेली कुपी काही तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. वाचवण्याची योग्य रीत मागणीपासून सुरू होते: वीस मिलिलिटरऐवजी दहाची कुपी मागवणे. ज्या कुप्यांवर त्या अनेक वेळा वापरता येतात असे स्पष्ट छापलेले असते, त्यांतूनही दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज लागते.

‘मी आणून देतो’ म्हणणारा

तुटवडा पडला की कुणीतरी ओळखीतून औषध आणून देणारा भेटतोच. २०२२ मध्ये चंडीगडच्या पीजीआय संस्थेत प्रोपोफोल दिल्यानंतर पाच रुग्णांचा मृत्यू झाला आणि चाचणीत ते औषध दर्जाहीन आढळले. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये घेतलेला सिप्रोफ्लॉक्सॅसिन गोळ्यांचा नमुना बनावट निघाला आणि पुढे तपासात सरकारी रुग्णालयांना बनावट प्रतिजैविके पुरवणारी साखळी उघड झाली. सरकारी शिक्क्याच्या वाटेने हे होऊ शकते, तर बिलाशिवाय आलेल्या कुपीबद्दल काय बोलावे? बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव, परवानाधारक विक्रेत्याचे बिल, यांपैकी एकही नसेल तर ते गुंगीचे औषध न वापरलेलेच बरे. रुग्णाच्या नातेवाइकाला चिठ्ठी देऊन ‘बाहेरून आणा’ सांगण्यातही हाच धोका आहे.

घरी जाताना

डे-केअरमधला सर्वांत नाजूक टप्पा शस्त्रक्रियेनंतरचा असतो. तुटवड्यात नेहमीपेक्षा वेगळे, जास्त वेळ टिकणारे औषध दिले असेल तर घरी सोडण्याचे निकषही बदलावे लागतात. स्वतः बसता, चालता येते का, पाणी टिकते का, नाव-गाव नीट सांगता येते का, ऑक्सिजनशिवाय बोटाच्या यंत्रावरचा आकडा ठीक राहतो का, हे पाहून मगच सोडायचे. शहरातला रुग्ण रिक्षाने दहा मिनिटांत घरी पोचतो आणि काही झाले तर तितक्याच वेळात परत येतो. राजूरच्या रुग्णालयातून घाटघरकडच्या वाडीवर जाणारा रुग्ण एसटीने किंवा कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून जातो, मधला काही रस्ता पायी, आणि वाडीवर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. पेंगुळलेला माणूस मोटारसायकलवर मागे बसवणे हाच एक अपघात आहे. अशा रुग्णाला एक रात्र ठेवून घेणे हेच खरे डे-केअर, भले खाट अडली तरी.

रुग्णाने किंवा नातेवाइकांनी शस्त्रक्रियेआधी काही गोष्टी विचारायला संकोचू नये. मला कोणते औषध देणार? नेहमीचेच की बदली? स्थानिक भुलीत होईल का? श्वासाकडे कोण लक्ष ठेवणार? परत कधी निघता येईल? आणि डॉक्टर विचारतील तेव्हा खरे सांगावे: सकाळी चहा घेतला का, रात्री दारू घेतली होती का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. जड जेवणानंतर किमान सहा ते आठ तास आणि नुसत्या पाण्यानंतर दोन तास पोट रिकामे असावे लागते. गुंगीत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून हा नियम. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर नवी तारीख, ती लिहून देणाऱ्याचे नाव आणि रुग्णालयाचा फोन क्रमांक केसपेपरवर लिहून घ्यावा. त्या रात्री वेदना वाढल्या, हर्नियाची गाठ कडक होऊन आत जाईनाशी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट न पाहता निघायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८.